खालमान्या आणि झाडाला बांधलेले डबे

खालमान्या बाईशी बोलताना बाईकडे बघत नसे. चहा दिला तर कपाला म्हणायचा, "ठेवा जी." भात वाढला तर ताटाला म्हणायचा, "पुरे." दारात कोणी बाई येऊन काही विचारू लागली, तर तिच्या पायाजवळच्या उंबरठ्याला सगळं उत्तर द्यायचा, अगदी नीट, शेवटपर्यंत. आधी मला वाटलं, याच्या मानेत काही दुखणं असेल. मग वाटलं, चोर असेल. हे नाव बायांनी ठेवलं. खालमान्या म्हणजे नुसता मान खाली घालणारा नव्हे, आतून लबाड असलेला. आम्ही त्याच अर्थानं ठेवलं होतं. पुढे अर्थ गेला, नाव राहिलं. खरं नाव मला माहीत आहे, पण ते इथं लिहीत नाही. त्याला आवडलं नसतं.

मी चिचगडच्या अलीकडे एका टोल्यावर, म्हणजे लहानशा वस्तीवर, राहते. चौथी शिकले आहे. नवरा गेल्यापासून दुसऱ्यांचं रांधते. रस्त्याकडेच्या एका रिकाम्या घरात जनावरांचा अभ्यास करणारी एक संस्था येऊन राहिली, तेव्हा तिथं रांधायला मला बोलावलं. माणसं दोनच. एक देवरीचा जीवन, तो मोटारसायकलवर जंगलात फिरायचा. दुसरा खालमान्या, तो कॉम्प्युटरपाशी बसायचा. तो गोंदिया शहरातला, चाळिशी उलटलेला. जीवनशी हिंदी बोलायचा, माझ्याशी मराठी, आणि कॉम्प्युटरशी काय बोलायचा ते कळत नसे. जेवणाचे नखरे नव्हते. लाखोरीची डाळ आणि जवसाची चटणी असली की ताटाला म्हणायचा, "आज चांगलं आहे जी." ताटानं काय उत्तर द्यावं.

संस्थेनं जंगलात डबे बांधले होते. विटेएवढे, मातकट रंगाचे, खोडाला पट्ट्यानं आवळलेले. ते कॅमेरे होते. समोर काही हललं की आपोआप फोटो निघायचा. हे मी आज सांगते आहे. तेव्हा आम्हाला एवढंच सांगितलं होतं की डबे वाघासाठी आहेत, हात लावू नका. बायांनी त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. वाघासाठी म्हणजे वाघाला लांब ठेवायला. डब्यात बारीक लाल दिवा लागायचा. त्या उजेडाला वाघ भितो, अस्वल भितं, डब्याजवळ जनावर येत नाही, असं एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. आधी कोण बोललं ते आता विचारून उपयोग नाही. सगळ्यांनी मानलं. मीही मानलं.

मोहाच्या दिवसांत आम्ही फुलं वेचायला उजाडायच्या आधी जंगलात जातो. घरी संडास आहे, त्यात लाकडं रचलेली आहेत. आणि संडास रिकामा असता तरी पडती फुलं सोडून टोल्यावर परत कोण येणार? तेव्हा ज्या झाडाला डबा, त्या झाडासमोर बाया जाऊन बसायच्या. धीर वाटायचा. माझे गुडघे दुखतात, मला चटकन उठता येत नाही, म्हणून मी तर मुद्दाम शोधून डब्याच्या अगदी पुढ्यात बसायचे.

हे कसं उघडं पडलं ते सांगते. एका दुपारी जीवननं ओसरीवर कॉम्प्युटर मांडला आणि म्हणाला, या, तुम्हाला तुमच्याच जंगलातलं अस्वल दाखवतो. पुरुष जमले, पोरं जमली, पाच-सहा बाया मागे उभ्या राहिल्या. अस्वल दिसलं. खोडाला पाठ घासत होतं. पोरं हसली. जीवन बटण दाबत गेला. नुसता पालापाचोळा आला, पुन्हा पाचोळा आला, आणि मग एक बाई आली. पाठमोरी, लुगडं वर घेतलेलं. तोंड दिसत नव्हतं. पण लुगडं पोपटी होतं, जांभळ्या काठाचं, आणि तसं लुगडं टोल्यावर एकटीचंच होतं. सुगंधाचं. ती माझ्या चुलत दिराची सून, आमच्या घरापासून दोन घरं सोडून राहते. ती तिथंच उभी होती, तेच लुगडं नेसून.

काही पुरुष हसले. जे हसले नाहीत, त्यांनीही नजर वळवली नाही. माझ्या हातात चहाची केटली होती. मला लाज वाटली, पण ती सुगंधासाठी नाही. मी मनात आठवत होते की मी कुठल्या कुठल्या डब्यासमोर बसले.

तेवढ्यात खालमान्या आतून आला, सरळ भिंतीपाशी गेला आणि कॉम्प्युटरची वायर उपटून काढली. पडदा काळा झाला. जीवन म्हणाला, "अरे सर, ऐसे बंद नहीं करते. खराब हो जाएगा."

"होने दो," खालमान्या हातातल्या वायरला म्हणाला, आणि ती गुंडाळत आत निघून गेला.

त्या दिवसापासून सुगंधा घराबाहेर पडेना. पाणी तिची सासू आणू लागली. तिच्या वाटणीच्या मोहाखाली फुलं पडून राहायची आणि बकऱ्या येऊन खायच्या. हापशीवर बायांचा दुसरा विषय नव्हता.

"तिचा एक दिसला. आपले किती असतीन?"

"त्या कॅम्पातले सारेच पायत असतीन रोज."

"तू रांधतेस ना व तिथं? तुले नाही दिसलं कधी?" सुगंधाच्या सासूनं मला विचारलं. टोल्यावर तिचा आवाज सगळ्यात मोठा.

"मले भाजी दिसते," मी म्हटलं.

"मंग आता भाजी सोडून पाय. तो खालमान्या दिवसभर त्या मशीनपाशी बसून रायते. मान खाली घालून काय पायत असन, बोल. त्याच्यावर नजर ठेव."

मी नजर ठेवली. पहिल्याच दिवशी ताट वाढता वाढता सरळ विचारलं, "बायांचे फोटो काढून टाकणार की नाही?"

"काढायचेच आहेत," तो ताटाला म्हणाला.

"किती आहेत?"

"माहीत नाही."

"पाहिले नाहीत?"

"नाही."

"मग न पाहता काढणार कसे?"

"मशीन पाहील," तो म्हणाला. आणि वरणात भात कालवत त्यानं मला सगळं सांगितलं. एक प्रोग्राम आहे, तो एकेक फोटो उघडतो आणि ठरवतो की यात जनावर आहे, माणूस आहे, की काहीच नाही. माणसाचे सगळे बाजूला काढायचे आणि कोणी न बघता पुसून टाकायचे. फोटो हजारांनी होते, कारण वाऱ्यानं पान हललं तरी डबा फोटो काढतो. मला अर्धं कळलं आणि त्यातलं काहीच पटलं नाही.

पण त्याला घाई होती आणि ती खरी होती. नागपूरच्या साहेबांचा फोन आला तेव्हा मी तिथंच कांदा चिरत होते. फोन टेबलावर ठेवलेला, आवाज खोलीभर. साहेब म्हणाले, "काही काढू नका. सगळं जसंच्या तसं पाठवा. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गाडी येईल, डिस्क तिच्यासोबत द्या. इथं मुलं बसवली आहेत, ती बघून वेगळं करतील."

"सर, त्यात गावातल्या बाया आहेत."

"हो, म्हणूनच. मुलं समजूतदार आहेत."

"हो सर," खालमान्या म्हणाला. फोन बंद झाल्यावर त्यानं समोरच्या बटणांना फक्त एक शब्द ऐकवला. "मुलं."

म्हणजे बाजाराचा दिवस संपायच्या आत हे व्हायला हवं होतं. नाहीतर आमच्या पाठी गाडीत बसून नागपूरला जाणार होत्या आणि तिथं टेबलाभोवती बसलेली परकी पोरं त्या एकेक करून बघणार होती. हे मी हापशीवर सांगितलं, तेव्हा एकीची घागर भरून वाहू लागली तरी ती हापसतच राहिली.

खालमान्या काळ्या पडद्यावर काम करायचा. चित्र नाही, रंग नाही, नुसती पांढरी अक्षरं. एक ओळ लिहायची, बटण दाबायचं, की ओळींमागून ओळी वर सरकत जायच्या, एका फोटोची एक ओळ. मी समोर बसून भाजी निवडायचे. काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं, सगळं इंग्रजी. पण ओळी थांबल्या की मलाही कळायचं. आणि त्या थांबल्या. पुन्हा चालवलं, पुन्हा थांबल्या. दर वेळी साधारण तिथंच.

जीवन मागे उभा होता. म्हणाला, "शरमा गया बेचारा. बाई दिसली आणि मशीनलाच लाज आली." मला हसू आलं. संध्याकाळी मी हे हापशीवरही सांगितलं, बायाही हसल्या, आणि सुगंधाच्या घराचं दार आतून लागल्याचा आवाज आला. हसण्यात पहिली मी होते.

खालमान्या हसला नाही. "लाज नाही जी," तो म्हणाला. "कारण असते. बिना कारणाचं काहीच बंद पडत नाही." हे वाक्य त्या आठवड्यात मी इतक्यांदा ऐकलं की माझ्या तोंडी बसलं.

त्याची एक पद्धत होती. प्रोग्राम पडला की वरच्या ओळी तो वाचतच नसे. सगळ्यात खालची ओळ आधी, मोठ्यानं, दोनदा. "जाता जाता काय बोलला ते पहिले ऐकायचं," असं म्हणायचा. त्या वेळी खालची ओळ होती, टू मेनी ओपन फाइल्स. म्हणजे, एका वेळी फार फाईली उघड्या ठेवल्या.

जीवनला ते पटलं नाही. "सर, दर वेळी तिथंच पडतो. तिथल्या एखाद्या फोटोतच गडबड आहे. मैं देखता हूँ कौन सा है." आणि त्यानं पुढे वाकून फोटोंचा फोल्डर उघडला. पडदाभर बारीक बारीक चित्रं उमटायला लागली. खालमान्यानं खांद्यावरचा शेला ओढला आणि पडद्यावर टाकला. शेल्याखाली हात घालून त्यानं चाचपत चाचपत तो फोल्डर बंद केला. जीवन म्हणाला, "सर, तुम्ही वेडे आहात." तेव्हा मलाही तसंच वाटलं. असा माणूस मी पाहिला नव्हता, आणि जो आपण पाहिलेला नाही तो माणूस आपल्याला वेडाच वाटतो.

फोटो खराब आहे की नाही, हे त्यानं न बघता ठरवलं. त्यानं यादी उलटी केली, शेवटचा फोटो आधी, पहिला शेवटी. पुन्हा चालवलं. वेगळेच फोटो होते, तरी तेवढेच झाल्यावर पडला. "बघा," तो टेबलाला म्हणाला. "फोटोचा दोष नाही. मोजणीचा आहे." मग मला समजावलं. हा प्रोग्राम फोटो उघडतो, बघतो, पण बंद करत नाही. उघडे ठेवून पुढं जातो. मशीननं आधीच ठरवून ठेवलेलं असतं की एका प्रोग्रामनं एका वेळी एवढ्याच फाईली उघड्या ठेवायच्या. ते लिमिट भरलं की मशीन पुढची फाईल देत नाही, आणि हा आडवा होतो.

"असं लिमिट कायले ठेवलं?" मी विचारलं.

"एकट्यानंच सगळं अडवून बसू नये म्हणून."

त्यानं एक ओळ लिहून लिमिट वाढवलं. प्रोग्राम चालला. जिथं पडायचा ती जागा ओलांडून पुढं गेला. खालमान्यानं त्या दिवशी चहा गरम असताना प्यायला. आणि दुपारी वीज गेली. वीज आल्यावर त्यानं पुन्हा सगळं सुरू केलं, आणि प्रोग्राम जुन्याच जागी पडला. जीवन म्हणाला, बघा, मी म्हणत होतो. खालमान्यानं सगळ्यात खालची ओळ दोनदा वाचली आणि स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं. वाढवलेलं लिमिट पडद्यावर उघडलेल्या तेवढ्या त्या काळ्या खिडकीपुरतंच होतं. खिडकी गेली, ते गेलं. नवी खिडकी उघडली ती जुनंच लिमिट घेऊन. "मेरी गलती," तो जीवनला म्हणाला. "पूछे बिना मान लिया." विजेला एक शब्द बोलला नाही. माझ्या घरातले पुरुष अशा वेळी विजेला तरी शिव्या द्यायचे, नाहीतर मला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळपासून प्रोग्राम चालला होता, निम्म्याच्या पुढं गेला होता. आणि पुन्हा ओळी थांबल्या. या वेळी खाली एकच शब्द होता. त्यानं तो वाचला. "किल्ड."

"म्हणजे मेला?" मी विचारलं.

"मेला नाही जी. मारला."

माझ्या हातात सुरी होती. मी म्हटलं, "कोणी?"

"मशीननंच." त्यानं दुसरी काळी खिडकी उघडली. मशीन कोणाला मारतं ते स्वतः लिहून ठेवतं म्हणे, आणि तिथं तसं लिहिलेलं होतं. एकेक फोटो पोटात ठेवत प्रोग्राम फुगत गेला, शिवाय काम लवकर व्हावं म्हणून खालमान्यानं तो एकाच वेळी चार जागी चालवला होता. मशीनची मेमरी संपली. संपली की मशीन सगळ्यात जास्त खाणारा शोधतं आणि त्याला मारतं, म्हणजे बाकीचे जगतात. "मी लिमिट वाढवलं तेच चुकलं," तो म्हणाला. "आजार तसाच ठेवला आणि अंथरूण मोठं केलं."

जीवननं शेवटचं सांगून पाहिलं. "सर, आज संध्याकाळपर्यंतच वेळ आहे. मी बसतो, हातानं काढतो. उरलेत ते निम्मेच."

"कोई नहीं बैठेगा."

"मग सगळंच विहिरीत टाका."

"अस्वलानं काय केलं?" खालमान्या म्हणाला. मी इतक्या दिवसांत त्याचा तेवढा एकच विनोद ऐकला, आणि तो विनोद होता की नाही हे मला अजून नक्की सांगता येत नाही. मग त्यानं काम बदललं. सगळे फोटो एकदम द्यायचे नाहीत. थोडे द्यायचे, ते झाले की प्रोग्राम पूर्ण बंद करायचा, म्हणजे त्यानं अडवलेलं सगळं सुटतं, आणि मग नव्यानं सुरू करून पुढचे थोडे. चार जागी नाही, एकाच जागी. हे आपोआप होत राहील अशा काही ओळी लिहिल्या. काम हळू झालं. ओळी थांबायच्या, पुन्हा सुरू व्हायच्या. पण पडला नाही. ऊन उतरायला लागलं तेव्हा तो म्हणाला, "झालं." पक्के माणसांचे म्हणून निघालेले फोटो त्यानं एका ओळीत पुसले. किती होते ते मी विचारलं नाही.

इथं गोष्ट संपली असती तर मला हे लिहायला बरं वाटलं असतं.

थोड्या वेळानं तो रांधणखोलीच्या दाराशी आला आणि चुलीशी बोलू लागला. "काकूजी, एक ढीग उरला आहे. मशीनला कळलं नाही की माणूस आहे, जनावर आहे, की खोड आहे. ते कोणाला तरी बघावं लागेल. मी बघणार नाही. जीवनला सांगणार नाही."

"मला येत नाही ते."

"दोनच बटणं आहेत. एक ठेवा, एक काढा."

त्यानं मला खुर्चीत बसवलं, कोणतं बटण कशाचं ते दाखवलं, आणि पहिला फोटो उघडायच्या आधी बाहेर गेला. अंगणात दाराकडे पाठ करून बसला. जीवनला त्यानं मीठ आणायला बाजारात पाठवलं. मीठ घरात होतं.

मी बघितले. खोडं होती. उकिडवं बसलेलं माकड होतं. सावल्या होत्या. आणि बाया होत्या. माणूस पाठमोरा असला तरी ओळखू येतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. टाचेवरून येतो, बांगड्यांवरून येतो, बसायच्या ढबीवरून येतो. सुगंधाची सासू होती, जिचा आवाज सगळ्यात मोठा. ज्यांच्या घरी मी लग्नात रांधायला गेले त्या होत्या. मी काढा, काढा दाबत गेले. एका फोटोत काळं, वाकलेलं, एक हात खोडाला लावून उठू बघणारं काहीतरी होतं. मला वाटलं अस्वल आहे, आणि मी ठेवा दाबायला बोट नेलं. मग हातातलं कडं दिसलं. ते कडं माझं होतं.

मशीनला कळलं नव्हतं यात मशीनचा दोष नाही.

मी ते पुसलं. बाकीचेही पुसले. पण पुसायच्या आधी काही फोटोंवर मी गरजेपेक्षा जास्त थांबले. कोणाचं काय कसं दिसतं ते बघत राहिले. हे कोणी मला सांगितलं नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. तो माणूस बाहेर उन्हात बसला होता, ज्याच्यावर नजर ठेवायला मला पाठवलं होतं.

बाहेर जाऊन म्हटलं, "झालं."

"एकही उरला नाही?"

"नाही."

"नावं सांगू नका," तो जमिनीला म्हणाला.

"कोण सांगतंय," मी म्हटलं, आणि आत जाऊन भात टाकला. त्या दिवशी भात करपला.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. बाया रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या, सुगंधाची सासू पुढे. तिनं त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "सांगा जी, कोनं पायले?"

"कोणी नाही," तो गाडीच्या चाकाला म्हणाला. "मशीननं काढले."

सासूनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "हाव. मी तिथंच होती ना. कोनं नाही पायले."

डिस्क गेली. दोन-चार दिवसांनी साहेबांचा फोन आला. मी पोळ्या लाटत होते. साहेब चिडलेले होते. फोटोंचे नंबर मधे मधे तुटलेले आहेत, बरेच नाहीत, कुठं गेले?

"मशीन बंद पडत होतं सर. त्यात गेले."

"कशामुळे बंद पडत होतं?"

"कळलं नाही सर."

"तुम्हाला कळलं नाही? मग तुम्हाला तिथं ठेवलं कशाला?"

"हो सर," तो म्हणाला.

मी लाटणं थांबवलं. आठवडाभर या माणसानं कारण शोधायला जीव टाकला होता. यादी उलटी केली, स्वतःची चूक पोराएवढ्या माणसापुढं कबूल केली, मशीननं कोणाला मारलं ते मशीनच्या तोंडून काढलं. आणि आता तो म्हणत होता, कळलं नाही. आवाज नेहमीचाच. मी आतून ओरडून सांगू शकले असते की त्याला सगळं कळलं होतं. पण सांगितलं असतं तर पुढचं पण, म्हणजे फोटो कोणी बघून पुसले ते सांगावं लागलं असतं. मी पोळी तव्यावर टाकली.

महिना भरायच्या आत त्याच्या जागी दुसरा आला, मशीन नीट येतं म्हणे असा. खालमान्या बॅग घेऊन गोंदियाच्या गाडीची वाट बघत फाट्यावर उभा होता. मी जवसाची चटणी बांधून नेली होती. त्याला काहीतरी सांगावं असं मनात होतं, की आम्ही तुला लबाड म्हणालो, की मी तुझ्यावर पहारा केला. ते राहिलं. मी म्हटलं, "घरी चटणी करत नसतील अशी." त्यानं पुडी घेतली आणि पुडीला म्हणाला, "येतो काकूजी." गाडी आली, तो चढला, खिडकीपाशी जागा नव्हती, मधेच उभा राहिला. नंतर तो कुठं कामाला लागला ते मला माहीत नाही. मी विचारलं पण नाही कोणाला.

सुगंधा बाहेर पडायला लागली ती त्या रस्त्यावरच्या उत्तरानंतर. आधी हापशीवर, मग बाजारात. या वर्षी मोहाला आली. तिचं झाड माझ्या झाडाच्या जवळ आहे. आम्ही खाली वाकून वेचत होतो, अजून पुरतं उजाडलं नव्हतं, आणि ती अचानक बोलली.

"काकी, तो खालमान्या बरा होता व. त्यानं नाही पायलं."

"नाही पायलं."

"कोनंच नाही पायलं ना?"

"कोनंच नाही," मी म्हटलं.

तिनं टोपली डोक्यावर घेतली. म्हणाली, चला काकी, सोबत जाऊ. मी म्हटलं, तू हो पुढं, माझं व्हायचं आहे अजून. ती गेली. माझी टोपली भरलेली होती.